घर ज्याच्या नावावर

दोह्याला येण्याआधी मी आमच्या गावच्या नगरपंचायतीत करवसुलीच्या खिडकीवर बसायचे. नोकरी कंत्राटी, पण काम नेहमीचंच. मार्च जवळ आला की खिडकीपुढं भांडणं सुरू व्हायची, आणि त्यातली बरीचशी एकाच गोष्टीवरून: भाड्यानं दिलेल्या घराची घरपट्टी भरायची कोणी? मालक म्हणायचा, राहतो तो, नळ वापरतो तो, मग भरावी त्यानं. भाडेकरू म्हणायचा, घर काय माझ्या नावावर करून देणार आहात का? आमचे साहेब दोघांनाही खुर्चीवर बसवायचे आणि सांगायचे, "घर ज्याच्या नावावर, पट्टी त्याच्या नावावर. आपसांत तुम्ही काय ठरवलंय ते तुमचं तुम्ही बघा." मालक परगावी गेलेला असला, सापडतच नसला, तर मात्र आमचा शिपाई राहणाऱ्याचं दार वाजवायचा. ती माणसं तोंड कसनुसं करून यायची. त्यांची बाजू मला पटायची, पण माझ्या हातात काही नसायचं.

आमचे हे तेव्हा कतारमध्ये चिलर टेक्निशियन होते. मोठमोठ्या इमारतींना गार हवा पुरवणारी यंत्रं दुरुस्त करायचं काम. इंडस्ट्रियल एरियात कंपनीच्या कॅम्पात एका खोलीत चौघं राहायचे. शुक्रवारी एशियन टाउनला जाऊन तिथून व्हिडिओ कॉल करायचे, कारण मुलीला तिथल्या दुकानांची रोषणाई बघायला आवडायची. वडील म्हणजे फोनमधला एक हसरा चेहरा, मागं दिव्यांच्या माळा, असंच तिला कितीतरी दिवस वाटत होतं. मग ते फोरमन झाले, पगार कुटुंब आणण्याइतका झाला, आणि एका उन्हाळ्याच्या तोंडावर मी आणि मुलगी व्हिजिट व्हिसावर दोह्यात उतरलो. इथं आल्यावर रेसिडेन्सीचा, म्हणजे इथं राहण्याच्या परवान्याचा, अर्ज करायचा असं ठरलं होतं.

त्यांनी भाड्यानं घर घेतलं होतं दोह्यातल्या अल थुमामा भागात. घर म्हणजे एका जुन्या व्हिलाचा एक तुकडा. मूळचा मोठा दिवाणखाना जिप्समच्या भिंतीनं मधोमध कापला होता. अलीकडचा अर्धा भाग आमचा. पॅसेजमध्ये ओटा टाकून स्वयंपाकघर केलेलं. छताला कडेनं नक्षीदार पट्टी होती, ती फुलं-पानं करत भिंतीपर्यंत यायची आणि अर्ध्या फुलावर तुटायची. उरलेलं फूल पलीकडच्यांकडं. मुलगी पहिल्या दिवशी म्हणाली, "आई, ते फूल बघायला त्यांच्याकडं जायचं का?"

पलीकडं राहत होत्या एक म्हाताऱ्या बाई, त्यांना सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे, आणि त्यांचे यजमान. श्रीवर्धनकडच्या. यजमान एका ट्रेडिंग कंपनीत ड्रायव्हर, आणि दोघांचं जवळजवळ सगळं आयुष्य इथंच गेलेलं. त्यांचा मुलगाही इथंच नोकरीला, पण या अर्ध्या खोलीत त्याला जागा नव्हती म्हणून तो अल सद्दला मित्रांसोबत राहायचा. खालांची मराठी माझ्या मराठीपेक्षा वेगळी, लाटांसारखी वरखाली होणारी. पहिल्याच संध्याकाळी त्या माशाच्या कालवणाचं भांडं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "घाटावरची ना तू? मग हा तिखट तुला चालंल." वरच्या मजल्यावर एक केरळची नर्स, तिचा नवरा आणि तिची बहीण राहायची. एवढेच आम्ही. भाडं घ्यायला दर महिन्याला एक माणूस यायचा. त्याला सगळे मॅनेजर म्हणायचे.

रेसिडेन्सीच्या अर्जासाठी ह्यांच्या ऑफिसनं कागद मागितले, त्यात भाडेकराराची प्रत होती. साधी नाही, बलदियात नोंदवलेली. बलदिया म्हणजे इथली नगरपालिका. आमच्याकडं होता मॅनेजरनं सही करून दिलेला एक साधा कागद. ह्यांनी मॅनेजरला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी आला तेव्हा मी दारातच उभी होते.

"कॉन्ट्रॅक्ट अटेस्ट नहीं होगा," तो म्हणाला. म्हणजे बलदियात नोंदवणार नाही.

"लेकिन आप हर महीने बलदिया चार्ज लेते हैं ना?" हे म्हणाले. भाड्याच्या वर तो थोडे रियाल त्या नावाखाली घ्यायचा, हे मला तेव्हा कळलं.

"वो अलग है. अटेस्ट चाहिए तो तुम करवाओ, खर्चा तुम्हारा."

मी मागून विचारलं, "घर किसके नाम पे है?"

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "मॅडम, यहाँ सब मेरे नाम पे है," असं म्हणून तो निघून गेला.

माझ्या आतली खिडकीवरची बाई जागी झाली. हे जेवायला बसले तेव्हा मी म्हणाले, "अहो, हा मालक नाही. मालक असता तर असं बोलला नसता. आपण मूळ मालकाला शोधू."

"अगं, इथं गावासारखं नसतं," हे म्हणाले. "उगं कशाला त्याच्या वाकड्यात शिरायचं? त्यानं बाहेर काढलं तर जायचं कुठं? बघू दुसरीकडं कायतरी."

दुसरीकडं बघायला वेळ कुठं होता? व्हिजिट व्हिसाचे दिवस सरत होते. शाळेत प्रवेश हवा तर मुलीची रेसिडेन्सी हवी, आणि ती हवी तर नोंदवलेला करार हवा.

मी खालांना विचारलं. त्या भाजी निवडत होत्या, हात थांबला. "तू असा काय विचारू नको गो," त्या हळूच म्हणाल्या. "एक व्हिला असा तोडून भाड्यानं देणा इथं चालत नाय. बलदियावाले आले तर भिंती पाडतात, लाइट कापतात. घर गेला तर आम्ही म्हातारी माणसा कुठं जाणार?"

हे मला माहीत नव्हतं. मॅनेजर करार का नोंदवत नाही, त्याचं उत्तर खालांच्या त्या एका वाक्यात होतं.  पुढचे काही दिवस मी मालकाचा विषय काढला नाही. आपल्या कागदासाठी तीन कुटुंबांच्या डोक्यावरचं छप्पर हलवायचं का, हा प्रश्न घेऊन मी दिवसभर त्या अर्ध्या खोलीत फिरायचे.

मग एका सकाळी पॅसेजमध्ये जळका वास आला. ओट्यावरच्या प्लगातून धूर निघत होता. मी मेन स्विच बंद केला, मुलीला उचललं आणि अंगणात पळाले. खालाही ओरडत बाहेर आल्या. वायर जळून विझली, त्यापलीकडं काही झालं नाही. पण हे कामावरून येऊन बघतात तो काय, तिन्ही घरांची वायर एकाच जुन्या लाइनीवरून ओढलेली, आणि तीही उघडी, जिप्समच्या आतून नेलेली. विजेच्या कामात आयुष्य गेलेला माणूस, त्यांचा चेहरा उतरला. "मी हे आधी का बघितलं न्हाई," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली लाइन वेगळी करून नीट बसवली, पण बाकीचं जिप्सम फोडल्याशिवाय होण्यासारखं नव्हतं. त्यानंतर मालकाला शोधू नको असं ते म्हणाले नाहीत.

मालक सापडला तो अंगणातल्या खजुराच्या झाडांमुळं. ऐन उन्हाळ्यात घड पिकले आणि एक ड्रायव्हर शिडी घेऊन ते उतरवायला आला. मॅनेजरचा माणूस नव्हता तो. मी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "ये खजूर किसके लिए?"

"मामा के लिए," तो म्हणाला.

मला वाटलं, त्याचा मामा. मी म्हटलं, "आपके मामा यहाँ रहते हैं?" तो इतका हसला की शिडी हलली. खालांनी खिडकीतून सांगितलं, "अगो, मामा म्हणजे मालकीण. इथं घरातल्या मोठ्या बाईला मामा म्हणतात." मालकीण विधवा होती, पलीकडच्याच गल्लीत राहत होती, आणि ही झाडं तिच्या नवऱ्यानं लावलेली असल्यानं खजूर तेवढे दरवर्षी मागवून घ्यायची.

ह्यांना तिथं जाणं अवघड होतं. घरात एकटी बाई, परका पुरुष दारात जाऊन काय बोलणार? पण मी जाऊ शकत होते. तसं मी खालांना सांगून टाकलं, त्यांच्यापासून लपवून मला जायचं नव्हतं.  त्या उठल्या, आत गेल्या, आणि काळा अबाया घालून बाहेर आल्या.

"तुझ्या हिंदीत तू तिथं काय सांगशील? मला अरबी येते," त्या म्हणाल्या. "आणि तो धूर मी पण बघितला."

आम्ही दोघी आणि माझी मुलगी, अशा गेलो. दार उघडलं ते हैद्राबादकडच्या एका बाईनं, ती तिथं घरकामाला होती. तिनं आम्हाला बायकांच्या बैठकीत बसवलं. थोड्या वेळानं मालकीण आली, काठी टेकत. तिनं आधी मुलीला जवळ बोलावून हातावर खजूर ठेवला, मग त्या बाईला आमच्यासाठी छोट्या पेल्यांत गहवा, म्हणजे अरबी कॉफी, ओतायला लावला. तिला मोडकी हिंदी येत होती, दुकानदार आणि घरकामाच्या बायकांशी बोलून आलेली. जिथं ती संपायची तिथं खाला अरबीत पुढं न्यायच्या.

खालांनी सांगितलं, आम्ही तुमच्या पलीकडच्या गल्लीतल्या व्हिलात राहतो.

"मॅनेजर का फॅमिली?" तिनं विचारलं.

खालांनी माझ्याकडं बघितलं. आता खोटं बोलायचं की खरं, हे त्यांनी माझ्यावर सोडलं होतं.  मी म्हणाले, "नहीं मामा. मॅनेजर वहाँ नहीं रहता. हम तीन फॅमिली रहते हैं. बीच में दीवार डाला है."

तिनं खालांकडं वळून अरबीत काहीतरी विचारलं. खालांनी मान हलवली. मालकीण उठली आणि आत निघून गेली. खाला कुजबुजल्या, "खलास. संपला." आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. मुलगी तेवढी दुसरा खजूर खात होती.

मालकीण परत आली ती अबाया आणि बुरखा घालून. ड्रायव्हरला हाक मारली आणि आम्हाला म्हणाली, "यल्ला, चलो. दिखाओ."

गाडीतून दोन मिनिटांत आम्ही व्हिलात. ती आमच्या खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि छताकडं बघत बघत त्या तुटलेल्या फुलापर्यंत आली. भिंतीवर हात ठेवला, जिप्सम पोकळ वाजलं. "इधर मेरा लडकी का शादी में सब औरत लोग बैठा था," ती म्हणाली. मग पॅसेजमध्ये गेली, काळा पडलेला प्लग बघितला, त्याच्या शेजारी ठेवलेला गॅसचा सिलेंडर बघितला. काठी जमिनीवर आपटली.

"बच्चा है इधर," ती म्हणाली. "आग लगेगा तो कौन जवाब देगा? मॅनेजर? नहीं. घर मेरा नाम. मेरे को पूछेगा. दुनिया में भी पूछेगा, उधर भी पूछेगा." तिनं बोट वर केलं.

खाला रडायला लागल्या. त्यांना वाटलं, आता सामान बांधायला सांगणार. मालकीण त्यांच्याजवळ गेली, अरबीत बराच वेळ बोलली. नंतर खालांनी मला सांगितलं: ती म्हणाली, तुम्हाला रस्त्यावर काढणार नाही, पण भिंती राहणार नाहीत. मी संपूर्ण घर एका माणसाला एका कुटुंबासाठी दिलं होतं, त्यानं माझ्यामागं हे केलं. माझं लक्ष नव्हतं, ही माझी चूक.

पुढचे दिवस सोपे नव्हते. मॅनेजर येऊन फाटकाशी आरडाओरडा करून गेला. वरची नर्स माझ्याशी बोलेनाशी झाली. जिन्यात भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, "यू शुड हॅव आस्क्ड अस फर्स्ट." तिचं बरोबर होतं. खालांना सांगितलं तसं मी तिलाही सांगायला हवं होतं. मी चहा घेऊन वर गेले. तिनं दार उघडलं, चहा घेतला, पण आत बोलावलं नाही. तिच्या बहिणीनं मागून हात हलवला, तेवढ्यावर मी खाली आले. ह्यांचं कामावर चित्त लागेना. रोज विचारायचे, "काय निरोप?" आणि मी म्हणायचे, "अजून न्हाई."

मग मालकिणीचा पुतण्या आला. तरुण, शांत, इंग्रजी बोलणारा, हिंदीही समजणारा. त्यानं मॅनेजरचा करार रीतसर संपवला होता. त्यानं सगळ्यांना अंगणात बसवून सांगितलं की घराला मुळातच दोन दारं आहेत. खाली एक घर आणि वर एक घर, मंजूर नकाशातही तसंच आहे. तेवढे दोन करार नोंदवता येतील, तिसरा नाही. वरचा मजला नर्सच्या कुटुंबाला हवा असेल तर आधी त्यांचा हक्क. तिघं कमावते होते, त्यांनी तिथंच होकार दिला. खालचा पूर्ण मजला खाला आणि आम्ही, दोघांपैकी एकालाच मिळणार होता.

मी खालांकडं बघितलं नाही. पण हे माझ्याआधीच बोलले. "खाला यहाँ हमसे पुरानी हैं," ते पुतण्याला म्हणाले. "उनका बेटा भी साथ में आ जाएगा."

त्या क्षणी मला ह्यांचं वाईट वाटलं, आणि अभिमानही. कारण हातात आलेलं घर सोडणं त्यांना किती जड गेलं असेल, हे कॅम्पात इतकी वर्षं काढलेल्या माणसालाच ठाऊक.

पुतण्यानं मान हलवली आणि फोनमध्ये काहीतरी बघितलं. अल सद्दला मालकिणीच्या कुटुंबाची एक जुनी इमारत होती, तिथं तिसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट महिनाभरात रिकामा होणार होता. तो आम्ही घ्यावा आणि तोवर इथंच राहावं, असं तो म्हणाला. भाडं कमी करून मिळणार नाही, हे त्यानं आधीच स्पष्ट सांगितलं. मला ते आवडलं. दया दाखवली असती तर मी पुढं कधी नळ गळतो म्हणून तक्रार केली नसती.

करार नोंदवायला त्याच्यासोबत मालकीणही आली, फ्लॅट बघायच्या निमित्तानं. लिफ्ट चालू आहे की नाही याची चौकशी तिनं वॉचमनकडं स्वतः केली. पुतण्यानं टॅबवर आमची माहिती भरली, ह्यांनी सही केली. नोंदणीची फी भरायची वेळ आली तसं ह्यांनी सवयीनं पाकीट काढलं. मालकिणीनं काठीनं त्यांचा हात खाली केला.

"ये मेरा," ती म्हणाली. "बलदिया का फी मालिक देता है. बिजली-पानी तुम्हारा, वो तुम देगा. बीच में कोई नहीं."

मला हसू आलं. कुठल्या कुठं माझ्या गावची ती खिडकी, आणि कुठं ही काठीवाली बाई! साहेबांनी अगदी हेच सांगितलं असतं. मी तिला माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं की मीही गावाकडं बलदियातच कामाला होते, घरांचा टॅक्स घ्यायचे. तिनं डोळे बारीक केले. "तो तुम पहले से जानता था?" मी म्हणाले, इथलं नव्हते जाणत, पण घराला मालक असतोच हे जाणत होते. ती यावर खूप हसली.

बिजली-पाण्याचं मीटर ह्यांच्या नावावर झालं. पहिलं बिल फोनवर आलं त्या दिवशी ह्यांनी ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं, स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. बिल थोडं जास्तच होतं. तरी माणूस खूश. त्या दिवसापासून घरातला एसी किती अंशावर ठेवायचा यावर त्यांचं भाषण सुरू झालं ते आजपर्यंत चालू आहे.

रेसिडेन्सी झाली. मुलगी शाळेत जायला लागली आणि महिन्याभरात मला "आई" म्हणून हाक मारून पुढचं वाक्य इंग्रजीत पूर्ण करायला लागली. मी मराठीतच उत्तर देते. नर्सचा फोन मात्र मला अपेक्षा नसताना आला. तिच्या वॉर्डातल्या एका सहकारी बाईला घरमालकाचा काही प्रश्न होता, आणि नर्सनं तिला माझा नंबर दिला होता. "शी नोज हाउ टू आस्क," असं त्या बाईला सांगितलंय, नर्स म्हणाली. त्या बाईचा फोन आला तेव्हा मी तिला सगळ्यात आधी एवढंच विचारलं, की सोबत राहणाऱ्या सगळ्यांशी तू बोललीस का?

थंडी सुरू झाली तशा खाला एका शुक्रवारी मेट्रोनं आमच्याकडं आल्या, मुलाला घेऊन. आयुष्यात पहिल्यांदाच मेट्रोत बसल्या होत्या आणि त्याचंच कौतुक चाललं होतं. मुलाचं लग्न ठरवायचं घाटत होतं. मुलगी हर्णैची, शिकलेली, पण तिच्या आईची एकच अट होती की लेकीला वेगळी खोली हवी.

"आता आहे ना खोली?" मी विचारलं.

"एक नाय, दोन आहेत," खाला म्हणाल्या आणि पिशवीतून सुके बोंबील काढून माझ्या हातात ठेवले. "फोटो काढून पाठवायचे आहेत तिच्या आईला. तुझा मोबाइल बरा आहे, पुढच्या शुक्रवारी तू ये आणि काढ."

ह्यांनी लगेच विचारलं, "पंख्याची वायर नीट केली का ओ? मी येतो, बघतो एकदा." खालांचा मुलगा लाजून खिडकीबाहेर बघत होता. माझी मुलगी त्याच्याजवळ गेली आणि तिनं त्याला इंग्रजीत विचारलं, लग्नात मला नाचायला मिळेल का. तो म्हणाला, "इन्शाल्ला," आणि मी बोंबील भाजायला गॅस पेटवला.